कत्तलखान्यावर लक्ष नक्की कोण ठेवतं? एका व्हेटर्नरी डॉक्टरचं लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आलाय की, एक व्हिडिओ बघितला, म्हशींना शेपट्या पिळून, काठ्या हाणून ट्रकमधून उतरवत होते, तेव्हापासून मटणाचा घास उतरत नाही. मग या कत्तलखान्यांवर, मांसाच्या प्लांटवर सरकारचं कुणी लक्ष ठेवतं का, मांस चांगलं आहे हे कोण ठरवतं, आणि जनावरांचे हाल बघायला कुणी असतं का, की सगळं कागदावर आणि पाकिटावरच चालतं?

आधी माझं सांगते. मी व्हेटर्नरी डॉक्टर, ९ वर्षं एका नगरपरिषदेच्या कत्तलखान्यात होते, मग ७ वर्षं म्हशीचं मांस एक्स्पोर्ट करणाऱ्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला, आता फिरून ऑडिट करते. म्हणजे शिक्का मारणारी मीच होते, नोटिशीला उत्तर लिहिणारी पण मीच आणि आता दुसऱ्यांच्या चुका काढणारी पण मीच, त्यामुळे कुणाची बाजू घेऊन लिहिते असं समजू नका.

लक्ष असतं. पण एकाचं नसतं, चार-पाच खात्यांचं असतं आणि सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे कत्तलखाना बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचा नाहीतर महापालिकेचा. मुंबईचं देवनार पण महापालिकेचंच, १९७१ पासून. म्हणजे चालवणारे तेच, फी घेणारे तेच, डॉक्टर नेमणारे तेच आणि नाली तुंबली तर तक्रारपण त्यांच्याकडेच करायची. मी नोकरीत असताना चीफ ऑफिसरना लिहायचे की गरम पाण्याचा सुऱ्या निर्जंतुक करायचा सेट बंद आहे, पाणी ८२ डिग्रीला लागतं, तर फाईल बांधकामकडे जायची, बांधकामवाले म्हणायचे हे आरोग्याचं, आरोग्यवाले म्हणायचे बजेट नाही. दीड वर्ष सुऱ्या बादलीतल्या पाण्यात बुडवत होते. स्वतःचाच कारखाना आणि स्वतःच इन्स्पेक्टर, दुसरं काय होणार.

त्याच्या वर एफडीए, म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा, तो प्रत्यक्षात लागू झाला ऑगस्ट २०११ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या लायसनच्या नियमांत कत्तलखान्यांचे थर पाडलेत. रोज २ मोठी जनावरं किंवा १० शेळ्यामेंढ्या किंवा ५० कोंबड्यांपर्यंत असाल तर साधं रजिस्ट्रेशन, त्यावर ५० मोठी, १५० लहान, १००० कोंबड्यांपर्यंत राज्याचं लायसन, आणि त्याच्याही वर गेलात की केंद्राचं. याच नियमांच्या शेड्यूल ४ मध्ये कत्तलखाना कसा असावा, फरशी कशी, ड्रेनेज कसं, कापण्याआधी आणि कापल्यावर तपासणी कशी हे सगळं आहे. नगरपालिकेलाही हेच लायसन लागतं बरं का, सरकारी म्हणून सूट नाही. फक्त एफडीएच्या साहेबाने नगरपालिकेला नोटीस काढायची म्हणजे एका सरकारी टेबलाने दुसऱ्या सरकारी टेबलाला काढायची, त्यात किती जीव असतो ते तुम्हीच समजा.

मग प्रदूषण मंडळ. कत्तलखाने 'रेड' वर्गात येतात, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या धंद्यांत. गंमत म्हणजे मालक लोक सगळ्यात जास्त याच खात्याला घाबरतात, कारण पाणी प्रदूषणाच्या कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळाला थेट वीज आणि पाणी तोडायचे आदेश देता येतात. चिलरची, म्हणजे मांसाच्या थंड खोलीची वीज गेली की धंदा दोन दिवसात बसतो, कोर्टबिर्ट नंतर. आणि एक्स्पोर्ट असेल तर अपेडा (शेतमालाच्या निर्यातीचं केंद्राचं खातं), एक्स्पोर्ट इन्स्पेक्शनवाले, पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर, शिवाय घेणाऱ्या देशाची माणसं येऊन बघून जातात ती वेगळीच.

आता प्रत्यक्ष तपासणी म्हणजे काय, कारण लोकांना वाटतं डॉक्टर येतो, मांस हुंगतो आणि शिक्का मारतो. काम दोनदा असतं. एकदा जनावर जिवंत असताना आणि एकदा ते लटकवल्यावर. जिवंत असतानाचं काम पहाटेचं, साडेचार-पाचला टॉर्च घेऊन गोठ्यात जायचं, आधी लांबूनच बघायचं, कोण उभं राहत नाही, कोण मान टाकून आहे, नाकातून काय गळतंय, लंगडतंय का, पोटात पिल्लू आहे का. २००१ चे कत्तलखान्याचे नियम आहेत, प्राणी क्रूरता कायद्याखालचे, रोज १० किंवा जास्त जनावरं कापली जातात अशा जागेला ते लागू होतात. त्यात गाभण जनावर नाही, ३ महिन्यांच्या आतलं नाही, जिचं पिल्लू ३ महिन्यांपेक्षा लहान आहे ती नाही, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. मोठ्या जनावराला २.८ चौरस मीटर आणि लहानाला १.६ चौरस मीटर जागा द्यायची.

कापल्यानंतरचं काम हाताचं आणि सुरीचं. कलेजी हातात घेतली की आधी कडा दाबून बघायच्या, मग पित्ताच्या नळीवर आडवा छेद द्यायचा. नळी जाड झाली असेल आणि कापताना सुरीखाली करकर आवाज आला तर आत लिव्हर फ्लूक, पानासारखे चपटे किडे बाहेर येतात, पावसाळ्यानंतर तळ्याकाठच्या गावच्या जनावरांत हमखास. फुफ्फुसात पाण्याचे फुगे दिसले तर हायडॅटिड, म्हणजे एका किड्याच्या पिशव्या. ते फोडायचे नाहीत आणि बाहेर फेकायचे तर अजिबात नाहीत, कारण गेटवरचं कुत्रं ते खातं, कुत्र्याच्या पोटात किडा वाढतो आणि कुत्र्याच्या विष्ठेतून तो माणसाला, बहुतेक वेळा कुत्र्याशी खेळणाऱ्या पोरांना होतो. म्हणून मी ऑडिटला गेले की आधी आत जात नाही, कंपाउंडच्या बाहेरून एक चक्कर मारते. कुत्री किती आणि किती गुबगुबीत, यावरून आतलं अर्धं ऑडिट होतं.

आता कबुली. त्या २००१ च्या नियमांत असंही आहे की एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे जनावरामागे ५ मिनिटं. आमच्याकडे डॉक्टर मी एकटी, आणि रविवारी ३००-३५० बकरी यायची. तर मी काय केलं असेल? सगळ्यांना शिक्के मारले. नाही मारले असते तर तीच बकरी नदीकाठी, गल्लीत, घराच्या मोरीत कापली गेली असती आणि तिथे कलेजी बघायला कुणीच नसतं. हे समर्थन नाही, रजिस्टरमध्ये मी ९६ चे आकडे दोन नावांवर दाखवलेत, दुसरा डॉक्टर कागदावर 'डेप्युटेशन'ला होता. तुम्ही विचारलंत ना कागदावर चालतं का, तर हो, असं चालतं. पाकीट प्रत्येक वेळी लागतं असं नाही, माणसं कमी असली की कागद आपोआप खोटा होतो.

सॅम्पलचं पण सांगते, कारण पेपरात 'नमुने प्रयोगशाळेत पाठवले' वाचलं की लोकांना वाटतं काम झालं. कायद्यात अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आहे. तेल, मसाला, दूध पावडर यांना ठीक आहे हो, माल गोडाऊनला पडून असतो. ताजं मटण १४ दिवस कुठे थांबतं? सकाळी कापलं, दुपारी पातेल्यात. फ्रोजन चिकनला सॅम्पलचा उपयोग आहे, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला हा जुलाब लावणारा जंतू सापडता कामा नये असा निकष आहे, लॉट अडवून ठेवता येतो. पण ताज्या मांसात खरी पकड फक्त तपासणीची, पाण्याची, तापमानाची आणि हात धुण्याची, म्हणजे माल होतानाच. झाल्यावर काही होत नाही.

चूक सापडली तर एफडीएचा अधिकारी काय करतो? आधी कलम ३२ ची सुधारणा नोटीस, काय चुकलं, काय करायचं, मुदत किमान १४ दिवस. नाही केलं तर लायसन सस्पेंड, तरी नाही तर रद्द, त्यावर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील. अगदीच आरोग्याला धोका असेल तर कलम ३४ खाली तातडीची बंदी. दंडाचे आकडे बघा, घाणेरड्या परिस्थितीत माल केला तर १ लाखापर्यंत, कमी प्रतीचा माल निघाला तर ५ लाखांपर्यंत. ठीकठाक आहेत.

आणि जनावराचे हाल केले तर? १९६० च्या क्रूरता कायद्याचं कलम ११, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. टायपिंगची चूक नाही, पन्नासच. दुसऱ्यांदा ३ वर्षांच्या आत सापडला तर २५ ते १०० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. वर सांगितलेले २००१ चे नियम मोडले तर १०० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि कैद झालेली मी तरी बघितली नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला कामाच्या वेळेत न सांगता आत येऊन बघायचा अधिकार आहे, पण रिपोर्ट देतात कुणाला? मंडळाला आणि परत त्याच नगरपालिकेला. ट्रकचं तसंच. नियमाने एका ट्रकमध्ये ६ पेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत, आणि २०१६ पासून मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा ठरवून दिलीय. ट्रकमध्ये १८ भरली आणि पकडला गेला तरी दंड आणि भाडं यांचा हिशेब मांडला तर जास्तीची जनावरं भरणं परवडतं.

मग व्हिडिओतल्यासारखी मारहाण थांबते कशाने? माझा अनुभव असा की क्रूरतेच्या कायद्याने फार क्वचित. थांबते ती पीएच मीटरने, म्हणजे मांसाचा आंबटपणा मोजणाऱ्या यंत्राने (आकडा जितका कमी तितकं आंबट). हे जरा नीट सांगते, कारण याच्यावर फारसं कुणी बोलत नाही.

मोठ्या जनावरांत एक्स्पोर्टला म्हशीचंच मांस जातं, बोनलेस, गाय-बैलाचं नाही. बोनलेसच का, तर आपल्याकडे लाळ्या खुरकूत आहे आणि घेणाऱ्या देशांना त्याचा विषाणू नकोय. हा विषाणू आंबटपणात मरतो. जनावर मेल्यावर स्नायूतलं ग्लायकोजन फुटून लॅक्टिक ॲसिड होतं आणि मांसाचा पीएच सातच्या आसपास असतो तो २४ तासांत साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. म्हणून कार्कस, म्हणजे सोललेलं धड, २ डिग्रीच्या वर ठेवून २४ तास चिलरला टांगायचं, मग पाठीच्या लांब स्नायूत मधोमध मीटरची सुई खुपसायची आणि आकडा ६ च्या खाली आला तरच ते डिबोनिंगला, म्हणजे हाडं काढायला सोडायचं. लसिकेच्या गाठी (लिम्फ नोड) आणि हाडं काढून टाकायची कारण तिथे ॲसिड पोचत नाही.

आता समजा म्हैस १४ तास ट्रकमध्ये उभी, पाणी नाही, रस्त्यात दोनदा पडली, उतरवताना काठ्या खाल्ल्या, गोठ्यात अनोळखी रेड्यांनी ढुसण्या दिल्या. तिचं ग्लायकोजन जिवंतपणीच संपलं. मेल्यावर ॲसिड कशाचं होणार? दुसऱ्या दिवशी मीटर दाखवतो ६.३, ६.४. मांस काळपट, चिकट, हाताला कोरडं लागतं. ते एक्स्पोर्टमधून बाहेर, आणि वर असं मांस लवकर खराब होतं कारण ॲसिड नसलं की जंतूंना रान मोकळं. म्हणजे इथे जनावराचे हाल आणि खाणाऱ्याची सुरक्षा हे दोन विषय राहतच नाहीत, एकाच सुईच्या टोकावर येतात.

त्या प्लांटमध्ये मी गेले तेव्हा पीएचचं रजिस्टर होतं, पण नुसता आकडा आणि सही. मी एक कॉलम वाढवला, ट्रक नंबर. बास. दोन महिन्यात दिसलं की सहाच्या वरचे निम्मे आकडे तीन ट्रकांतून येतायत. मालकाला मी क्रूरतेवर भाषण दिलं नाही, त्याला तो कागद दिला. त्याने दलालाला फोन लावून आईबहिणीवरून जे काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही, पण पुढच्या आठवड्यापासून ते ट्रक वाटेत पाण्याला थांबायला लागले, भरणं कमी झालं आणि उतरवायच्या रॅम्पवर काठ्यांऐवजी प्लास्टिकचे पंखे आले, नुसते हलवायचे, जनावर पुढे सरकतं. पन्नास रुपयांच्या कायद्याने जे झालं नसतं ते एका कॉलमने झालं. म्हणून हल्ली ऑडिटला गेले की ॲनिमल वेल्फेअरची फाईल शेवटी मागते, आधी पीएचचं आणि ट्रिमिंगचं रजिस्टर मागते.

ट्रिमिंग का, तर मार लागलेला भाग कापून टाकावा लागतो आणि तो वजन करून लिहितात. कातडी निघाल्यावर वळ स्पष्ट दिसतात. ताजा मार लालभडक असतो, दिवसभरापूर्वीचा गडद काळपट, त्याहून जुना पिवळसर-हिरवट व्हायला लागतो. त्यामुळे मार आमच्या आवारात बसला, ट्रकमध्ये बसला की बाजारात, हे साधारण सांगता येतं. पुठ्ठ्यावर लांबट दोन रेघा समांतर असतील तर काठी, बरगडीवर गोल तर शिंग. मारणारा कितीही म्हणू दे की आम्ही हातही लावला नाही.

बेशुद्ध करण्याबद्दल पण लोक विचारतात. २००१ च्या नियमांत कापण्याआधी बेशुद्ध करायला वेगळी जागा सांगितलीय आणि लायसनच्या नियमांच्या शेड्यूल ४ मध्ये कॅप्टिव्ह बोल्ट (कपाळावर दांडा मारणारं पिस्तूल), वीज, कार्बन डायऑक्साइड हे प्रकार दिलेत. पण क्रूरता कायद्याच्याच कलम २८ मध्ये आहे की धर्माच्या पद्धतीप्रमाणे मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. त्यामुळे छोट्या ठिकाणी बहुतेक थेट सुरीच चालते आणि कायद्याने ते अडत नाही. तिथे तपासणाऱ्याने बघायचं ते हे की सुरी धारदार आहे का, एकाच घावात होतंय का, जनावर आधी बांधून ताटकळत ठेवलंय का, आणि पूर्ण शांत व्हायच्या आत कातडं सोलायला घेतायत का. शेवटचं सगळ्यात जास्त चुकतं, घाईत. जिथे विजेने करतात तिथे शेळीमेंढीला किमान १ अँपिअर करंट लागतो आणि लगेच गळा कापायचा, उशीर झाला तर ती शुद्धीवर येते. मी डोळ्याला बोट लावून बघते, पापणी हलली तर लाईन थांबवायची.

बाहेरच्या देशात सगळं आलबेल आहे असंही नाही हं. अमेरिकेत कत्तल चालू असताना सरकारी इन्स्पेक्टर प्लांटमध्ये असावाच लागतो, तो नसेल तर कत्तल होत नाही, आणि डोळ्यासमोर क्रूरता दिसली तर तो तिथल्या तिथे काम बंद करू शकतो. तरी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिनोमधल्या एका प्लांटचं काय झालं, उभ्या न राहू शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकलत होते, एका संस्थेच्या माणसाने तिथे कामाला लागून चोरून शूटिंग केलं आणि १४.३ कोटी पौंड मांस परत बोलवावं लागलं, त्यातलं बरंच शाळांच्या जेवणात गेलं होतं. इन्स्पेक्टर आवारातच होते. २००९ मध्ये नियम कडक केला की उभी राहू न शकणारी गाय खाण्यासाठी घ्यायचीच नाही. इंग्लंडने २०१८ मध्ये प्रत्येक कत्तलखान्यात जिथे जिथे जिवंत जनावर असतं तिथे कॅमेरा सक्तीचा केला आणि रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवायचं. मला विचाराल तर आपल्याकडे पहिलं हेच करावं, फक्त फुटेज नगरपालिकेकडे न ठेवता बाहेरच्या डॉक्टरकडे जायला हवं, नाहीतर 'कॅमेरा त्या दिवशी बंद होता'.

राहिलं तुमच्या रोजच्या खाण्याचं. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात, जिथे कोंबडी समोर कापून देतात, तिथे मी वर लिहिलेल्यापैकी जवळजवळ काहीच पोचत नाही. कागदावर रजिस्ट्रेशन असतं, डॉक्टर कधीच नसतो. स्वतःच बघा, पिंपात पाणी किती वेळाने बदलतो, पिंजरा आणि लाकडी ठोकळा यात अंतर किती, आणि आधीच्या कोंबडीचं रक्त धुतो का. बकऱ्याच्या मटणाला मात्र एक गोष्ट तपासता येते. कत्तलखान्यातून आलेल्या कार्कसवर शिक्का असतो, बहुतेक मांडीवर, आणि दुकानदाराकडे कत्तलीच्या फीची पावती असते. दोन्ही मागा, चिडला तर दुकान बदला. आमच्या गल्लीतला हसत हसत पावती दाखवतो, फक्त ती बरेचदा मागच्या रविवारची असते, आणि मी तारीख वाचली की म्हणतो, "म्याडम, तुमच्यासाठी आतलं देतो ना."